एरवी चिमी

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि माझं एकही नाही, म्हणून तू फणफणत असशील. काय करू? फोन खाली कारखान्यात, वन्संच्या टेबलावर, आणि तिथे माझ्या एका तोंडाला सगळ्या कामकरणींचे कान. त्यापेक्षा पत्र बरं.

नाटकवाल्यांचं मोठं काम आलंय. नायिकेसाठी कमरेपर्यंत लांब टोप हवाय, तोही खऱ्या केसांचा. दुसऱ्या अंकात म्हणे ती रंगमंचावर बसून केस विंचरते आणि विंचरता विंचरता नवऱ्याला सोडून जायचं ठरवते. मी जाळीची टोपी शिवते आणि बाकीच्या जणी तिच्यात बारीक आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारतात. पाठीचा पार भुगा झालाय. 'हे' माल पोचवायला बाहेरगावी असतात, आणि घरी असले तरी वर्तमानपत्रात असतात.

चिमी बरी आहे. केस कापले तिचे, मानेपर्यंत. तोंड मोकळं दिसतं आता, आणि सकाळी वेणीची घाई नाही. जरा घुश्श्यात आहे, होईल ठीक. शाळेतून आली की खाली येऊन गाठी मारत बसायची, हल्ली वरच असते. अकरावं लागलंय, वयच तसं.

तुझ्या गुडघ्याचं काय? कळव.

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

धाकटे,

गुडघा मेला खड्ड्यात. आधी मला सांग, केस कोणी कापले?

पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर माझे केस पांढरे झाले. आमचे साहेब नेहमी म्हणतात, "पाणी बंद झालं." पाणी आपणहून कधी बंद होत नाही बाई, कोणीतरी चावी फिरवलेली असते. तुझं 'केस कापले तिचे' वाचलं आणि मला साहेबांचा आवाज ऐकू आला.

मागच्या सुट्टीत पोर माझ्याकडे होती. रोज सकाळी खिडकीत बसून स्वतःची वेणी स्वतः घालायची. मी म्हटलं, आण गं, मी घालते, तर म्हणाली, "नको मावशी, तू ओढतेस." एवढा जीव त्या केसांवर, आणि ती आपणहून कापून घेईल? वर तुमच्याकडे कमरेपर्यंतच्या केसांचं काम आलेलं, आणि पोरीचे कमरेपर्यंतचे केस गायब. मी काही शाळा बुडवलेली नाही, मला बेरीज येते.

उलट टपाली खरं काय ते लिही. गोड बोलून माझ्या तोंडाला पानं पुसू नकोस.

ताई

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वन्संनी कापले. झालं समाधान?

पण आधी नीट ऐकून घे. केसवाल्याने ऐन वेळी आखूड माल पाठवला. दुसरीकडे कुठे मिळेना, आणि तारीख डोक्यावर. त्या शनिवारी चिमी शाळेतून आली, खाली बाकावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. वन्संनी वेणीच्या मुळाशी दोरा बांधला आणि एका झटक्यात कापली. त्यांचा हात तुला माहीत आहे, पोर हललीसुद्धा नाही.

उठल्यावर नेहमीसारखा वेणी पुढे घ्यायला हात मागे नेला. तिथे काही नव्हतं. दोनतीनदा तिने हात तसाच मागे नेला. ओरडली नाही, रडली नाही, उठून जिना चढून गेली. मला वाटलं रडून मोकळी होईल, पण नाही. तेव्हापासून आत्याशी एक शब्द नाही. आत्या समोर आली की ही भिंत बघते.

घरात जेवायला बसवत नाही, ताई. रोज कोणी ना कोणी तिला पाळण्यातल्या नावाने हाक मारून सुरू करतं. "क्षमा, अगं केसच ते, परत येतील." "क्षमा, आत्या आहे ती तुझी." परवा तर 'हे'सुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "नाव काय तुझं? नावाला जाग की जरा." त्यावर म्हणाली, "मला माहितीये माझं नाव," आणि ताट तसंच ठेवून उठली.

वन्संनी तिला नवा फ्रॉक आणला, चांगला किमती आहे. तिने घडीसुद्धा मोडली नाही.

ती तुझं ऐकते. तू दोन ओळी लिही ना तिला. माफ केलं एवढं एकदा तोंडाने म्हणाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. मला रोज दोघींच्या मध्ये उभं राहायला लागतं. माझाही विचार कर.

तुझी,
धाकटी

२५ फेब्रुवारी

चिमीच्या आत्यांना,
चिमीच्या मावशीचा नमस्कार.

आपली भेट लग्नात आणि बारशात झाली, तेवढ्या ओळखीवर लिहिते आहे. मला आडवळणाने बोलता येत नाही, तेव्हा आधीच सांगते की हे पत्र भांडायला लिहिलंय.

झोपलेल्या पोरीचे केस तुम्ही कापलेत. बाजारात केस विकायला आलेल्या बाईलासुद्धा तुम्ही आधी विचारता, किती कापू, कुठून कापू. घरच्या पोरीला तेवढंही विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणूनच ती झोपायची वाट बघितलीत.

आणि वर सगळे मिळून तिलाच सुनावताय, माफ कर म्हणून. मला सांगा, तुम्ही तिची माफी मागितलीत का? एकदा तरी? तुमच्या घरात माफी द्यायला सांगणारे ढीगभर आहेत, मागणारं एकही नाही. आमच्या कचेरीबाहेर पाटी आहे, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. ती पाटी लावली की साहेब निर्धास्त होतात, जणू पाणीच सोडलं. तुम्ही तर तेवढी पाटीही लावली नाहीत.

नावाचंही मला ठाऊक आहे. एरवी ती चिमी. चिमे दार लाव, चिमे पाणी आण. तिच्याकडून काही काढून घ्यायचं असलं की ती क्षमा होते. धाकट्या चुलतभावाने तिची रंगपेटी फोडली तेव्हा क्षमा. तिची खोली पाहुण्यांना दिली तेव्हा क्षमा. नाव आहे की तुमच्या घरची सोय?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. तिच्यासमोर जाऊन उभ्या राहा, तेवढं पुरे.

चिमीची मावशी

६ मार्च

चिमीच्या मावशींना,
नमस्कार.

उत्तर नाही दिलं तरी चालेल म्हणता, पण मला चालणार नाही. मी कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही.

हा कारखाना मी माझ्या हाताने उभा केला. आठ घरं यावर चालतात, त्यात तुमच्या बहिणीचंही. टोप वेळेवर गेला नसता तर ते नाटकवाले पुन्हा दारात आले नसते. केस वाढतात, गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्याला हे कळायचं नाही.

तिचं नाव मीच ठेवलं. ती जन्मली तेव्हा माझं नि भावाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. याच कारखान्यावरून. तिला बघायला म्हणून मी जिना चढून वर गेले आणि ते भांडण मिटलं. म्हणून क्षमा. मला त्या नावाची सोय शिकवू नका.

आणि हो, कोणाला विचारलं नाही असं जे तुम्ही छातीठोकपणे लिहिलंय, ते तुमच्या बहिणीने सांगितलं का? मी तिला आदल्या दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, "घ्या कापून. ती काय बोलणार आहे? गरीब स्वभावाची आहे." कात्रीसुद्धा तिनेच हातात दिली.

दहा वर्षांच्या पोरीची मी माफी मागायची? उद्या सगळ्या कामकरणी माझ्या डोक्यावर मिरे वाटतील. मी फ्रॉक आणला, त्यात सगळं आलं.

आता आनंदाची बातमी. गेल्या आठवड्यापासून चिमी आपणहून खाली येते. केस निवडायला बसते, गाठी मारते, कामकरणींशी हसते. तिच्याइतकी बारीक गाठ माझ्याकडे कोणाची नाही. मी म्हटलं, "राग गेला का?" तर मान हलवली. पोर नावाला जागली. तुम्ही उगाच आगीत तेल ओतलंत.

चिमीची आत्या

१३ मार्च

चिमे,

तुझ्या आत्यांचं पत्र आलं. तू माफ केलंस म्हणे, आणि खाली बसून त्याच टोपाच्या गाठी मारतेस म्हणे. तुझ्याच केसांच्या!

तुझी मर्जी. पण मला राग आलाय, तो लपवून ठेवत नाही. मी इथे तुझ्यासाठी दात ओठ खात बसले, आणि तू मेणाची निघालीस. कोणीही यावं आणि हवा तसा आकार द्यावा. तुझी आईही लहानपणी अशीच होती. तिला आज मी वेगळं लिहीत नाही, कारण लिहायला बसले तर कागद जळेल. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही पोटच्या पोरीचा. तू हे तिला वाचून दाखवलंस तरी चालेल.

अभ्यास कर. गणितात मागे पडू नकोस.

मावशी

२ एप्रिल

प्रिय ताई,

तू मला लिहीत नाहीस ते बरोबरच आहे. मी मात्र लिहिते, कारण इथे आभाळ फाटलंय.

टोप परत आला. रंगीत तालमीत नायिका केस विंचरायला बसली, आणि फणी पहिल्याच हाताला अडकली. ओढली तर टोपच डोक्यावरून सरकला. सगळे हसले. नुसता गुंता, ताई, पोत्याच्या सुतळीसारखा. नाटकवाला स्वतः घेऊन आला आणि कामकरणींसमोर वन्संच्या टेबलावर आपटून गेला. वन्संच्या हातचा टोप आजवर कधी परत आला नव्हता.

वन्संनी दोन केस चिमटीत धरून चोळले आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. केसाचं मूळ एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला, सगळे केस एकाच दिशेला राहायला लागतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि निवडताना कोणी बोललेलंही चालत नाही, मन दुसरीकडे जाईल म्हणून. उलटसुलट झाले की केस एकमेकांत अडकतात आणि मग फणीने जगात कोणाला सुटत नाहीत. या टोपात निम्मे केस उलटे होते. चूक म्हणून एवढे होत नाहीत. आणि ते निवडले होते चिमीने.

वन्संनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "तू केलंस?" "हो." "का?" त्यावर म्हणाली, "केस माझे होते. माझ्या केसांचं मी काय केलं ते मी कशाला सांगू?"

'हे' ओरडले, "माग आत्याची माफी!" वन्सं म्हणाल्या, "मागितली तरी मी देणार नाही. एवढं नुकसान मी जन्मात माफ करणार नाही." तर आमची पोर आपल्या बापाकडे वळून शांतपणे म्हणाली, "आत्याला चालतं ना, बाबा? तिचं नाव वेगळं आहे."

एक कामकरीण फस्सकन हसली आणि मग तोंडावर पदर घेऊन रडायलाच लागली. मी उठून जिन्यात गेले.

संध्याकाळी वर तिच्याजवळ बसले. म्हणाली, "कात्री तू दिलीस ना? मी उठले तेव्हा तुझ्या शिवणाच्या डब्यात कात्री नव्हती." इतके दिवस तिला माहीत होतं. इतके दिवस ती माझ्या हातचं जेवत होती. मी म्हटलं, "चुकले गं." ती म्हणाली, "नीट म्हण." मग मी नीट म्हटलं.

तिने मला माफ केलं की नाही ते अजून सांगितलेलं नाही. घरात तिच्याशी कोणी बोलत नाही, वन्संचा हुकूम आहे. मला सुचत नाही, तू सांग काय करू.

धाकटी

९ एप्रिल

धाकटे,

काय करू म्हणून मला विचारतेस? कात्री देताना विचारलं होतंस?

पण तू माफी मागितलीस, तेव्हा तुझ्याशी पुन्हा बोलते. आणि चिमीला मी मेणाची म्हटलं, त्या माझ्या तोंडाला काय म्हणावं! वाचलं तेव्हा मी कचेरीतच उभी राहून "शाबास!" म्हणाले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांना वाटलं, त्यांचा नळ गळतो म्हणून मी त्यांना शाबासकी देते.

पण आता बास. केस कापले गेले पोरीचे आणि वाळीतही तीच! दहा वर्षांच्या लेकराशी घरभर अबोला धरायचा हुकूम काढणारी ही बाई स्वतःला समजते कोण? आणि तो हुकूम पाळणारे तुम्ही कोण? तुझा नवरा तर बाप आहे की वर्तमानपत्राचा स्टँड?

मी सगळं ठरवलंय. पंचवीस तारखेला येते. चिमीची पेटी भरून ठेव. इथल्या शाळेत मुख्याध्यापिकेशी बोलणं झालंय, जागा आहे. माझ्या शेजारच्या खोलीत तिचा पलंग लावला, पडदेही शिवायला टाकले. ती आता माझ्याकडेच राहील. त्या घरात तिला क्षमा म्हणून राबवायला मी एक दिवसही ठेवणार नाही. यावर चर्चा नको.

ताई

१७ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईने मला वाचायला दिलं. मग मी म्हटलं उत्तर मी लिहिते.

इथे काय झालं ते सांगते. नाटकवाल्यांनी आत्याला अजून पंधरा दिवस दिले. नवीन केस काही आले नाहीत. म्हणून आत्याने टोपाच्या सगळ्या गाठी सोडवल्या आणि केस परत निवडायला घेतले. मूळ कुठलं नि टोक कुठलं ते डोळ्यांनी कळत नाही. एकेक केस चिमटीत धरून चोळायचा, तो सरकतो ती मुळाची बाजू. कामकरणी मदतीला आल्या तर तिने सगळ्यांना दुसरं काम दिलं. म्हणाली, हे माझं आहे. तिचा अंगठा सोलला होता. मी जिन्यात बसून बघायचे. मला वाईट वाटत होतं, पण मी खाली गेले नाही.

सोमवारी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा सगळ्या जणी कामाला बसल्या होत्या. आत्या उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारते. ती म्हणाली, "चिमे, मी तुझे केस तुला न विचारता कापले. तू झोपायची वाट बघितली. चुकलं माझं. मला माफ कर." मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग म्हणाली, "करायलाच पाहिजे असं नाही."

मी वर गेले. दप्तर ठेवलं, पाणी प्यायले, खूप विचार केला. ती खोटं म्हणाली असती तर मला कळलं असतं. मग खाली जाऊन म्हटलं, "केलं माफ." मग मी पण म्हटलं, "मी केस उलटे केले, मला माफ कर." तर आत्या म्हणाली, "मला वेळ लागेल." मी म्हटलं, लागू दे.

आता आम्ही दोघी मिळून निवडतो. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला चालतं. मला पण वेळ लागला होता.

काल बाबा आईला म्हणाले, "बघ, शेवटी नावाला जागली पोर." तर आत्या हातातले केस खाली ठेवून एवढी ओरडली की बाबांनी वर्तमानपत्र उलटं धरलं. म्हणाली, "नावाचा काय संबंध? माझी जीभ वळत नव्हती, ती वळवून मी मागितली, तेव्हा तिने दिली! एवढ्या दिवसांत तुला नाही सुचलं तिची बाजू घ्यायला, आणि आता नाव घेतोस?" मग बाबा रात्री माझ्याजवळ आले आणि बराच वेळ नुसतेच बसले. त्यांना मागायची आहे, पण अजून जमत नाहीये. मी वाट बघते. आईला मी माफ केलं, पण शिवणाचा डबा आता माझ्या कपाटात असतो.

आता तुझं. मावशी, तू माझ्यासाठी भांडलीस. तुझ्याशिवाय कोणीच भांडलं नाही. आत्याच्या टेबलाच्या खणात तुझं पत्र आहे आणि ते ती अजून काढून वाचते, मी बघितलंय. मला तू खूप आवडतेस.

पण तू शाळा ठरवलीस, पलंग लावलास, पडदे शिवायला टाकलेस, आणि पेटी भरायला आईला सांगितलंस. मी दहा वर्षांची आहे, मला लिहिता येतं, वाचता येतं, माझा पत्ता तुझ्याकडे आहे. माझी मैत्रीण इथे आहे, माझं निवडायचं काम अर्धं राहिलंय. हे तुला माहीत नव्हतं, कारण तू मला विचारलंच नाहीस.

पंचवीस तारखेला ये. पेटी मी भरलेली नाही. आधी माझी माफी माग, मग मी सुट्टीत तुझ्याकडे यायचं का ते सांगेन. लगेच नाही सांगणार, विचार करून सांगेन.

तुझी,
चिमी